मऊ मातीवर पोलादी वाट घालणारे बेंजामिन होल्ट

व्हाइटफील्ड (बेंगळुरू) – बेंगळुरूच्या पूर्वेकडील या उपनगरात गेल्या तीन दशकांत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती, निवासी संकुले आणि मार्च २०२३ मध्ये सुरू झालेला मेट्रो मार्ग उभा राहिला. अशा बांधकामांत जमीन खणण्याचे व सपाट करण्याचे काम साखळीच्या पोलादी पट्ट्यांवर चालणारी यंत्रे करतात. महाराष्ट्रात यांपैकी खोदकामाचे यंत्र पोकलेन या नावाने घराघरांत माहीत आहे. हे नाव फ्रान्समधील पोक्लेन या कंपनीवरून रूढ झाले. ज्या पट्ट्यामुळे ही यंत्रे चिखलात रुतत नाहीत, त्याला व्यवहारात आणण्याचे श्रेय मात्र मुख्यतः अमेरिकेतील एका लाकूड व्यावसायिकाच्या मुलाला दिले जाते. त्यांचे नाव बेंजामिन होल्ट.

होल्ट यांचे निधन १९२० मध्ये झाले. पट्ट्यावर चालणारे वाहन प्रथम त्यांनाच सुचले असे नाही. तरीही शेतकऱ्याला विकत घेता येईल, शेतात चालवता येईल आणि झिजल्यावर दुरुस्त करता येईल असे पट्ट्याचे ट्रॅक्टर बाजारात टिकवून दाखवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. या यंत्राचे सामर्थ्य आणि त्याचा सर्वांत मोठा खर्च, दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. ते ठिकाण म्हणजे पट्ट्यातील कड्यांचे सांधे. होल्ट यांच्या आयुष्याची कथा बऱ्याच अंशी या सांध्यांची कथा आहे.

लाकूड मुरवण्याचा व्यवसाय

बेंजामिन होल्ट यांचा जन्म १ जानेवारी १८४९ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. वडिलांची लाकूड कापण्याची गिरणी होती. घोडागाड्या बांधण्यासाठी लागणारे कठीण लाकूड तेथे तयार होत असे. लाकूड कोठे चिरते, कोणता जोड सैल होतो आणि चाकाचा कोणता भाग आधी झिजतो, याचे शिक्षण बेंजामिन यांना या घरच्या व्यवसायातच मिळाले.

थोरले बंधू चार्ल्स १८६० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर गेले आणि सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी लाकूड व गाड्यांच्या सामानाचा व्यापार सुरू केला. या व्यापारात एक अडचण वारंवार येत असे. पूर्वेकडील दमट हवेत तयार झालेली चाके पश्चिमेकडील कोरड्या, उष्ण प्रदेशात पोहोचली की त्यांचे लाकूड आकसत असे. आरे सैल होत, धावा निसटत आणि गाडी वाटेतच बसत असे.

यावर बंधूंनी काढलेला तोडगा साधा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेस सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या स्टॉक्टन या गावाची हवा उन्हाळ्यात कोरडी व तप्त असते. ज्या हवेत चाक चालायचे, त्याच हवेत लाकूड मुरवावे, असा विचार करून १८८३ मध्ये तेथे स्टॉक्टन व्हील कंपनी स्थापन करण्यात आली. त्याच वर्षी बेंजामिन कॅलिफोर्नियात दाखल झाले आणि कारखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या वेळी त्यांचे वय ३४ वर्षे होते.

साखळीशी पहिली ओळख

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात तेव्हा गव्हाची विस्तीर्ण शेते होती. कापणी आणि मळणी एकाच वेळी करणारी अवजड यंत्रे अनेक खेचरांच्या जोरावर ओढली जात. या यंत्रांतील फिरत्या भागांना गती देण्यासाठी दातेरी चाके वापरली जात. खेचरे बिथरून उधळली की चाकांचे दाते मोडत आणि ऐन हंगामात यंत्र बंद पडे.

होल्ट यांच्या कारखान्याने १८८६ मध्ये आपले पहिले कापणी-मळणी यंत्र तयार केले. त्यात दातेरी चाकांऐवजी कड्यांच्या साखळ्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर करण्यात आला होता. आयोवातील शेती अवजारांचे विक्रेते विल्यम इवार्ट यांनी १८७४ मध्ये सुट्या कड्यांच्या साखळीचे पेटंट घेतले होते. अशा साखळीची एखादी कडी तुटली तर शेतकरी ती शेतातच काढून दुसरी बसवू शकत असे. संपूर्ण यंत्र कारखान्यात पाठवण्याची गरज उरत नसे.

हा फरक वरवर लहान वाटतो. परंतु होल्ट यांच्या पुढील कामाचे बीज येथे दिसते. मोडणारा भाग सुटा असावा, तो स्वस्तात बदलता यावा आणि दुरुस्ती काम चालते त्या ठिकाणीच व्हावी, ही दृष्टी त्यांच्या यंत्रांत पुढेही कायम राहिली. १८९२ मध्ये कंपनीचे नाव होल्ट मॅन्युफॅक्चरिंग कंपनी असे झाले आणि बेंजामिन तिचे अध्यक्ष झाले.

रुतणारी चाके

दरम्यान, १८९० मध्ये कंपनीने वाफेवर चालणारे पहिले ओढयंत्र बांधले. त्याचे वजन सुमारे २२ टन होते. कोरड्या, कठीण जमिनीवर ही यंत्रे उपयुक्त ठरली आणि पुढील काळात अशी सुमारे १३० यंत्रे तयार करण्यात आली. मात्र स्टॉक्टनच्या पश्चिमेस, सॅक्रामेंटो आणि सॅन होआकिन या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात ती चालेनात.

या प्रदेशातील जमीन बांध घालून पाण्याखालून काढण्यात आली होती. कुजलेल्या लव्हाळ्यांची ही काळी माती अत्यंत सुपीक, पण स्पंजासारखी मऊ होती. तेथे घोड्यांच्या पायांनाही रुंद लाकडी पादत्राणे बांधावी लागत. वाफेचे यंत्र शेतात उतरले की आपल्याच वजनाने खचत असे. जमीन मौल्यवान होती, पण ती नांगरणारे यंत्र उपलब्ध नव्हते.

प्रारंभी होल्ट यांनी चाके रुंद करून पाहिली. चाक जितके रुंद, तितके वजन अधिक जागेवर विभागले जाते, हा त्यामागील विचार होता. रुंदी वाढत वाढत एक यंत्र सुमारे १४ मीटर रुंदीचे झाले. ते बांधणे महाग होते, वळवणे कठीण होते आणि रस्त्यावरून नेणे जवळपास अशक्य होते. चाकाची मर्यादा येथे स्पष्ट झाली. गोल चाक जमिनीला अरुंद पट्टीवरच टेकते. रुंदीऐवजी टेकण्याची लांबी वाढवायची असेल, तर चाकापुढे स्वतःची वाट अंथरत जाणारे काहीतरी हवे होते.

ही कल्पना नवी नव्हती. इंग्लंडचे जॉर्ज केली यांनी १८२५ मध्ये अशा प्रकारच्या फिरत्या मार्गाचे पेटंट घेतले होते. अमेरिकेच्या मेन राज्यातील आल्विन लोंबार्ड यांना बर्फातून ओंडके ओढणाऱ्या पट्ट्याच्या वाफेच्या यंत्रासाठी १९०१ मध्ये पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स या कंपनीचे अभियंता डेव्हिड रॉबर्ट्स याच सुमारास साखळीच्या पट्ट्यावर काम करत होते. होल्ट यांनी १९०३ मध्ये प्रवास करून या क्षेत्रातील प्रयोगांची माहिती घेतली आणि ते स्टॉक्टनला परतले.

रॉबर्ट्स बेटावरील चाचणी

२४ नोव्हेंबर १९०४ रोजी स्टॉक्टनजवळील रॉबर्ट्स बेटावर होल्ट यांच्या पट्ट्याच्या यंत्राची चाचणी झाली. त्यासाठी एका वाफेच्या यंत्राची मागील चाके काढून दोन्ही बाजूंना पट्टे बसवण्यात आले होते. प्रत्येक पट्टा सुमारे ९ फूट लांब आणि २ फूट रुंद होता. साखळीच्या कड्यांवर लाकडी फळ्या बोल्टने आवळलेल्या होत्या. मऊ मातीत हे यंत्र न रुतता नांगर ओढत पुढे गेले.

यंत्राला मिळालेल्या नावाची कथाही प्रसिद्ध आहे. कंपनीसाठी छायाचित्रे काढणारे चार्ल्स क्लेमेंट्स यांना पट्ट्याचा वरचा भाग लहरींप्रमाणे सरकताना पाहून सुरवंटाची आठवण झाली, असे सांगितले जाते. सुरवंटाचे इंग्रजी नाव कॅटरपिलर. होल्ट यांनी हेच नाव स्वीकारले आणि १९१० मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. त्यापूर्वी, १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांना आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले होते.

पहिले पट्ट्याचे वाफेचे यंत्र १९०६ मध्ये लुइझियाना राज्यातील एका कंपनीला ५,५०० डॉलरना विकले गेले. त्यानंतर लवकरच वाफेची जागा पेट्रोल इंजिनाने घेतली. बॉयलर, पाणी आणि जळण यांचे ओझे कमी झाले आणि पट्ट्याच्या ट्रॅक्टरला मोठी बाजारपेठ खुली होईल अशी चिन्हे दिसू लागली.

वाळवंटाने घेतलेली परीक्षा

याच टप्प्यावर होल्ट यांच्या यंत्राची खरी कसोटी लागली. लॉस एंजेलिस शहराला ओवेन्स खोऱ्यातून पाणी आणण्यासाठी १९०८ ते १९१३ या काळात सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधण्यात आला. विल्यम मुलहॉलंड हे त्याचे मुख्य अभियंता होते. मोहावी वाळवंटातून सामान वाहून नेण्यासाठी या प्रकल्पाने होल्ट यांचे २८ ट्रॅक्टर घेतले. नव्या यंत्राला याहून मोठी जाहिरात मिळणे शक्य नव्हते.

प्रत्यक्षात वाळवंटाची वाळू आणि डोंगराळ चढण या यंत्रांना जड गेली. त्रिभुज प्रदेशातील मऊ मातीत धातू फारसा झिजत नसे. येथे मात्र वाळूचे कठीण कण साखळीच्या सांध्यांत शिरले आणि कानशीसारखे काम करू लागले. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, यंत्रे वारंवार बंद पडू लागली आणि वाहतुकीच्या हिशेबात ट्रॅक्टर महाग ठरू लागला. अखेर जलमार्गाचे प्रचंड पोलादी नळ डोंगरावर चढवण्यासाठी ५२ खेचरांचे ताफे जुंपावे लागले. ज्या जनावरांची जागा ट्रॅक्टर घेणार होता, तीच पुन्हा कामावर आली.

होल्ट यांच्यासाठी हा धक्का होता, पण त्यातून मिळालेला धडा मौल्यवान ठरला. रुतणे टाळण्याचा प्रश्न सुटला होता. त्याच्या जागी झिजेचा प्रश्न उभा राहिला होता. वाळवंटातील अनुभवाच्या आधारे कंपनीच्या तंत्रज्ञांनी यंत्राच्या रचनेत पुढील काळात सुधारणा केल्या.

पट्टा का झिजतो

हा धडा समजून घेण्यासाठी पट्ट्याची रचना पाहणे आवश्यक आहे. पट्ट्याचा कणा म्हणजे पोलादी कड्यांची साखळी. शेजारच्या कड्या एकमेकींना पिनने जोडलेल्या असतात आणि पिनभोवती बुश नावाची पोलादी नळी असते. कड्यांच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर टेकणाऱ्या रुंद पट्ट्या बोल्टने बसवलेल्या असतात. कारागीर त्यांना शू म्हणतात. इंजिनाची शक्ती मिळालेले दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, बुशांना धरून साखळी ओढते. दुसऱ्या टोकाचे चाक, आयडलर, साखळी ताणून धरते आणि मधले रोलर यंत्राचे सारे वजन कड्यांवरून वाहून नेतात.

पट्टा स्प्रॉकेटवर किंवा आयडलरवर वळतो तेव्हा प्रत्येक पिन आपल्या बुशात थोडी फिरते. हे फिरणे दिवसभरात हजारो वेळा घडते. सांध्यात वाळू किंवा मुरमाची पूड शिरली की पिनची एक बाजू आणि बुशची आतील एक बाजू घासली जाते. प्रत्येक सांध्यात एखाद्या मिलिमीटरची पोकळी पडली तरी चाळीसेक कड्यांच्या साखळीत ती एकत्रितपणे मोठी होते. साखळी लांबल्याचे भासते. तिच्या कड्यांमधील अंतर आता स्प्रॉकेटच्या दात्यांशी जुळत नाही. बुश दात्याच्या खोबणीत नीट न बसता त्याच्या टोकाकडे चढू लागतो आणि दातेही झिजू लागतात. एका भागाची झीज अशा रीतीने दुसऱ्या भागाकडे जाते.

चिकट मातीत आणखी एक अडचण येते. महाराष्ट्रातील काळी माती पावसाळ्यात स्प्रॉकेटच्या दात्यांमध्ये दाबून बसते. तिच्यामुळे साखळीला पुरेशी जागा मिळत नाही, ताण वाढतो आणि सांध्यांवरील दाब अनेक पटींनी वाढतो. दगडाळ जमिनीवर शूचे उभे दात बोथट होतात आणि यंत्राची पकड कमी होते. विनाकारण उलट दिशेला वेगाने चालवणे, एकाच बाजूला सतत वळणे आणि पट्टा गरजेपेक्षा अधिक ताणून ठेवणे, या तीन सवयी झीज वाढवतात, असे या क्षेत्रातील कारागीर अनुभवाने जाणतात.

दुरुस्तीची योग्य वेळ

जुन्या पट्ट्याच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती मोजमापाने सुरू होते. साखळी ताणून धरली जाते, चार कड्यांचे एकूण अंतर मोजले जाते आणि ते नव्या साखळीच्या मापाशी ताडून पाहिले जाते. बुशची बाहेरील जाडी, कडीची उंची, रोलरचा व्यास आणि शूच्या दाताची उंची यांचीही नोंद घेतली जाते. केवळ डोळ्यांनी पाहून दिलेला अंदाज येथे फसवा ठरतो.

झीज बहुतांशी एकाच बाजूला होत असल्यामुळे एक जुनी आणि प्रभावी युक्ती वापरली जाते. शक्तिशाली दाबयंत्रावर साखळी सुटी करून प्रत्येक पिन आणि बुश अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला जातो. न झिजलेली बाजू आता कामाला येते आणि कड्यांमधील अंतर जवळपास मूळ मापावर परतते. नवी साखळी विकत न घेता जुन्या साखळीला दुसरे आयुष्य मिळते. यासाठी वेळ अचूक साधावी लागते. फार लवकर केल्यास उरलेले आयुष्य वाया जाते आणि फार उशीर झाल्यास बुशची भिंत पातळ होऊन तडकते. मग फिरवण्यासारखे काहीच उरत नाही.

रोलर आणि आयडलर यांच्या झिजलेल्या कडांवर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवला जातो. फिरत्या रोलरवर चूर्णाच्या आवरणाखाली जळणारी वेल्डिंगची तार थरावर थर देत जाते आणि नंतर तो मापात आणला जातो. बोथट झालेल्या शूवर पोलादी पट्टी जोडून त्याचे दात पुन्हा उंच करता येतात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवणे मात्र टाळले जाते, कारण जुने दाते नव्या बुशांना अल्पावधीत खाऊन टाकतात.

हे काम धोक्याचेही आहे. आयडलरमागे प्रचंड दाबाने आवळलेली स्प्रिंग असते. नंतरच्या काळातील यंत्रांत पट्ट्याचा ताण ग्रीसच्या दाबाने राखला जातो. तो दाब सोडताना झडप सावकाश उघडणे आणि तिच्या समोर उभे न राहणे, हे कार्यशाळेत नव्या मुलाला प्रथम शिकवले जाते. बुलडोझरच्या आयुष्यभरातील देखभालीच्या खर्चापैकी जवळपास अर्धा खर्च पट्टा आणि त्याच्या आधारभागांवर होऊ शकतो, असा या उद्योगातील सर्वसाधारण ठोकताळा आहे. एखाद्या लहान ठेकेदाराचे जुने यंत्र चालू राहणार की भंगारात जाणार, हे बहुधा इंजिनापेक्षा साखळीच्या हिशेबावर ठरते.

युद्ध, विस्तार आणि अखेर

होल्ट यांच्या कंपनीने १९०९ मध्ये इलिनॉय राज्यातील ईस्ट पिओरिया येथील एक बंद पडलेला कारखाना घेतला. बेंजामिन यांचे पुतणे प्लिनी होल्ट यांनी तेथील कामाची सूत्रे सांभाळली. त्यामुळे मध्य अमेरिकेतील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

१९१४ मध्ये युरोपात महायुद्ध सुरू झाले. चिखलाने भरलेल्या रणभूमीवर अवजड तोफा ओढण्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी होल्ट यांचे ट्रॅक्टर मोठ्या संख्येने घेतले. तोफ ओढणारा पट्टा चिलखती वाहनालाही पुढे नेऊ शकेल, हा विचार यातूनच बळावला. त्याच्या पुरस्कर्त्यांपैकी ब्रिटिश लष्करातील अधिकारी अर्नेस्ट स्विंटन हे एक होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत रणगाडे प्रथमच उतरले. ब्रिटिश रणगाड्यांचा पट्टा स्वतंत्रपणे विकसित झाला होता. फ्रान्सचा श्नायडर आणि जर्मनीचा ए सेव्हन व्ही या रणगाड्यांच्या पायाभूत रचनेत मात्र होल्ट ट्रॅक्टरचा आधार होता. स्विंटन यांनी एप्रिल १९१८ मध्ये स्टॉक्टनला भेट देऊन होल्ट यांचे जाहीर आभार मानले.

नांगर ओढण्यासाठी जन्मलेल्या यंत्राचा हा प्रवास होल्ट यांच्या कल्पनेपलीकडचा होता. युद्धाने कंपनीला कीर्ती दिली, तशीच संकटेही दिली. लष्करासाठी बांधलेल्या अवजड ट्रॅक्टरना शांततेच्या काळात पुरेसे ग्राहक नव्हते. युद्धात वापरलेली यंत्रेही बाजारात आली. क्लॅरन्स लिओ बेस्ट यांच्या कंपनीने शेतकऱ्यांच्या गरजेकडे लक्ष देऊन ट्रॅक्टर बनवले आणि होल्ट कंपनीपुढे तीव्र स्पर्धा उभी केली. क्लॅरन्स यांचे वडील डॅनिएल बेस्ट यांनी आपला व्यवसाय १९०८ मध्ये होल्ट यांनाच विकला होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

५ डिसेंबर १९२० रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, बेंजामिन होल्ट यांचे स्टॉक्टन येथे निधन झाले. कंपनी अडचणीत असतानाच त्यांनी जगाचा निरोप घेतला. पाच वर्षांनंतर, १९२५ मध्ये, होल्ट आणि बेस्ट या दोन्ही कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनीची स्थापना झाली. १९३१ मध्ये या कंपनीने पट्ट्याचा डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला आणि पुढील काळात हे यंत्र जगभर पोहोचले. होल्ट यांचा समावेश २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात करण्यात आला.

भारताच्या मातीत

भारतात पट्ट्याच्या ट्रॅक्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर स्वातंत्र्यानंतर सुरू झाला आणि त्याचा प्रारंभच दुरुस्तीने झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून ते शेतजमिनीच्या कामाला लावण्यात आले. यासाठी १९४७ मध्ये केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. मध्य भारतातील लाखो एकर जमीन कांस गवताने व्यापली होती. या गवताची मुळे इतकी खोल जात की बैलांच्या नांगराने ती निघत नसत. अन्नधान्याची टंचाई असलेल्या देशात सुपीक जमीन पडीक राहत होती. खोल नांगरणी करून ही मुळे उन्हात उघडी पाडण्याचे काम पट्ट्याच्या ट्रॅक्टरनी केले. शेतीसाठी अशी आणखी यंत्रे घेता यावीत म्हणून जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. स्वतंत्र भारताला या बँकेकडून मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी ते एक होते.

आयात केलेल्या यंत्रांचे सुटे भागही आयात करावे लागत. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात एका साखळीअभावी संपूर्ण यंत्र उभे राहणे परवडणारे नव्हते. ही यंत्रे देशातच तयार व्हावीत या उद्देशाने मे १९६४ मध्ये सार्वजनिक क्षेत्रात भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी स्थापन करण्यात आली. आज ती बीईएमएल या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्यालय बेंगळुरूत आहे आणि बुलडोझर व खोदकाम यंत्रे कोलार गोल्ड फील्ड्स येथील कारखान्यात तयार होतात. बुलडोझरसाठी प्रारंभी जपानच्या कोमात्सु कंपनीचे तांत्रिक सहकार्य घेण्यात आले होते.

शेतवसाहत ते तंत्रनगरी

कोलार आणि बेंगळुरू यांच्या दरम्यान असलेल्या व्हाइटफील्डचा इतिहासही शेतीपासूनच सुरू होतो. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला शेतवसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली. संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्यावरून वसाहतीला हे नाव मिळाले. त्याच्या पुढच्याच वर्षी होल्ट स्टॉक्टनला पोहोचले होते. दोन्ही ठिकाणी नवी जमीन कसून उपजीविका करण्याचा प्रयत्न होता. स्टॉक्टनजवळ जमीन अति ओली होती, तर येथील लाल माती पावसावर अवलंबून होती.

पुढे या परिसरात उद्योग आले. १९६७ मध्ये जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने स्थापन झालेल्या व्हीएसटी टिलर्स या कंपनीचा कारखाना व्हाइटफील्ड मार्गावर महादेवपुरा येथे उभा राहिला. भाताच्या चिखलणीसाठी लहान शेतकऱ्याला परवडणारा पॉवर टिलर ही या कंपनीची ओळख ठरली. चिखलात यंत्र कसे चालवावे, हा होल्ट यांच्यापुढचाच प्रश्न येथे हलके, दोन चाकांचे यंत्र वापरून सोडवण्यात आला. १९९० च्या दशकात तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यानंतर व्हाइटफील्डची शेते झपाट्याने मागे हटली.

येथील मुरमाड माती आणि तिच्याखालील ग्रॅनाइटसारखा कठीण खडक पट्ट्यांच्या दृष्टीने सौम्य नाही. खडकातील स्फटिकांचे कण सांध्यात शिरले की मोहावीच्या वाळूचेच काम करतात. मोठ्या कंपन्या ठरावीक तासांनंतर संपूर्ण पट्टा बदलतात. दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या जुन्या यंत्राला ती चैन परवडत नाही. तेथे पिन फिरवणारा, रोलरवर थर चढवणारा आणि झीज मोजून योग्य वेळ सांगणारा कारागीरच यंत्राच्या मालकाची गुंतवणूक वाचवतो.

होल्ट यांच्या काळापासून पट्ट्यात अनेक सुधारणा झाल्या. लाकडी फळ्यांची जागा पोलादाने घेतली, सांध्यांना धूळरोधक सील मिळाले आणि पिनभोवती कायम तेल राहील अशी साखळीही प्रचारात आली. तेलाच्या साखळीत सांध्याची आतील झीज खूपच कमी होते. तरीही स्प्रॉकेटवर घासणारी बुशची बाहेरील बाजू, रोलर आणि शू झिजतच राहतात. पट्ट्याने यंत्राला मऊ जमिनीवर तोलून धरले आणि त्याची किंमत पिन व बुश यांच्यावर सोपवली. ही किंमत पूर्णपणे टाळता आलेली नाही, ती फक्त पुढे ढकलता येते.

ज्यांनी तुटलेली कडी शेतातच बदलता यावी अशा साखळीपासून सुरुवात केली, त्या होल्ट यांचा पट्टा आजही तसाच सुट्या कड्यांचा आहे. एक पिन काढता येते, एक शू बदलता येतो, एक रोलर भरून घेता येतो. त्यामुळेच कित्येक दशके जुने पट्ट्याचे ट्रॅक्टर आजही शेततळी खणताना, बांध घालताना आणि रस्त्यांसाठी जमीन तयार करताना दिसतात. बेंजामिन होल्ट यांचे नाव त्यांच्या चालकांपैकी अनेकांनी ऐकलेलेही नसेल. झिजलेली साखळी भंगारात न टाकता दाबयंत्रावर नेणारा प्रत्येक कारागीर मात्र स्टॉक्टनच्या त्या कारखानदाराचेच काम पुढे नेत असतो.